वासू ओल्शाकचं ‘बघू’

वासूचा मेसेज आला तेव्हा रविकांत गायधनी शुऐब्याच्या प्लांटमध्ये कॅन्टीनच्या रांगेत उभा होता. मेसेज मराठीतच होता, फक्त इंग्रजी अक्षरांत लिहिलेला. ‘रवी, मी कुवेतला आलो. शुक्रवारी जेवायला येऊ? वरणफळ पाहिजे.’ बस्स, एवढंच. सहा वर्षं माणसाचा पत्ता नाही, मधल्या काळात हा गडी एका देशाचा उपपंतप्रधान होऊन घरी बसला, आणि उगवल्या उगवल्या मागतो काय, तर वरणफळं!

रविकांतला असा काही आनंद झाला की हातातला ट्रे तिथेच ठेवून तो बाहेर आला आणि त्याने घरी फोन लावला.

“चारू, अगं वासू आलाय!”

पलीकडे कुकरची शिट्टी सुरू होती. ती थांबल्यावर त्याची बायको चारुशीला बोलली.

“कुठला वासू?”

“कुठला म्हणजे? आपला वासू. शुक्रवारी जेवायला येतोय.”

“आपला,” चारुशीला म्हणाली. “येऊ दे. वरणफळंच मागितली असतील, करते. पण एक आत्ताच सांगून ठेवते, त्यांच्याशी गोडगोड बोलायला मला लावायचं नाही. आणि बोलावताच आहात तर जे विचारायचं ते विचारा एकदाचं. नाहीतर बोलावू नका.”

तिने फोन ठेवला. काय विचारायचं ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. तीन वर्षं त्या घरात दुसरं काही शिजत नव्हतं.

आता हा वासू कोण, ते आधी सांगायला हवं. त्याचं खरं नाव वात्स्वाव ओल्शाक. पोलंडचा. वीसेक वर्षांपूर्वी तो शुऐब्याला आला तेव्हा साधा वेल्डिंग इन्स्पेक्टर होता. उंच, लाल कानांचा आणि उन्हाने कातावलेला. रविकांत त्याच प्लांटमध्ये मेन्टेनन्सला होता. मूळ नाशिकचा, पण कुवेतमध्ये इतका मुरलेला की सुट्टीत गावी गेला की त्याला तिथलंच पाणी बाधायचं. शटडाऊनच्या दिवसांत, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती चालते तेव्हा, दोघं एकाच टाकीच्या पोटात तासन् तास घालवायचे, आणि टाकीच्या पोटात माणसाची जात, देश आणि हुद्दा काही कळत नाही. घामाचा वास मात्र कळतो. पगारात फरक होता, तो होताच. पण इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, दोघांचाही त्याच कंपनीच्या मेहेरबानीवर. त्याच खिडकीपुढे दोघं पासपोर्ट घेऊन उभे राहायचे. परवाना संपला की गोऱ्यानेही गाशा गुंडाळायचा आणि काळ्यानेही.

पहिल्यांदा तो रविकांतच्या मंगफमधल्या घरी जेवायला आला तेव्हा चारुशीलाने दोनदा ‘वात्स्वाव’ म्हणून बघितलं आणि हात टेकले. “हे काही मला जमायचं नाही बाई. मी आपली वासूभावजी म्हणेन.” त्याला कोण आनंद झाला! त्या दिवशी घाईत वरणफळं केली होती. पाहुण्याला काय हे असलं वाढायचं म्हणून ती ओशाळली होती, पण वासूने ताटलीतला कणकेचा चौकोनी तुकडा चमच्यावर घेतला, निरखला आणि म्हणाला की असेच तुकडे माझी आई करते, फक्त कोबीत टाकते, तिला बिचारीला डाळ माहीत नाही. त्यानंतर दर शुक्रवारी तो हजर.

रविकांतची मुलगी सलोनी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल. वासूच्या खांद्यावर बसून ती फहाहीलच्या समुद्रावर फिरायची आणि त्याच्या भाषेत आकडे म्हणायची, येदेन, द्वा, त्शी. ते आकडे तिने आपल्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूला खडूने लिहूनही ठेवले होते. घरमालकाला आजवर त्याचा पत्ता नाही.

आणि मग ती नाताळची गोष्ट. वासूने रविकांतला नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवायला बोलावलं. ते त्यांचं सर्वांत मोठं जेवण. रविकांत शाकाहारी, तिथे ताटात मासा असणार, शिवाय दुसऱ्या दिवशी पहाटेची शिफ्ट. पण तोंडावर नाही कसं म्हणायचं? म्हणून तो आपला म्हणाला, “बघू.” अहो, बघू म्हणजे नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मुलगी पसंत नसली की बघू, उसने द्यायचे नसले की बघू, सत्यनारायणाला जायचा कंटाळा आला की बघू. कुणाचं मन मोडत नाही, आणि आपणही मोकळे.

वासूला ‘बघणे’ हे क्रियापद तेवढं येत होतं. तो बसला वाट बघत. त्यांच्याकडे त्या रात्री टेबलावर एक ताटली जास्तीची मांडतात, न बोलावता कुणी दारात आलं तर त्याच्यासाठी. वासूने एक ती मांडली, एक रविकांतची मांडली, एक स्वतःची. कुवेतच्या त्या फ्लॅटमध्ये एकटा माणूस तीन ताटल्या मांडून बसला, आणि त्याने जेवण गार होऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी तो प्लांटवर आला तो तोंड फुगवून.

“तू म्हणालास बघू.”

“अरे राजा, बघू म्हणजे नाही!”

वासूने तो शब्द तोंडातल्या तोंडात घोळवून बघितला. मग जो हसायला लागला तो भिंतीवर हात आपटून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “आमच्याकडेही आहे हा शब्द,” तो म्हणाला. “ज़ोबाचिमी. पण आम्ही म्हटलं की खरंच बघतो.”

हे ऐकून चारुशीला म्हणाली होती, “मग तुमच्याकडचे पाहुणे फार सुखी हो, भावजी!”

तेव्हापासून ‘बघू’ हा त्या घराचा खास शब्द झाला. वासू कारणाशिवाय म्हणायचा. मुदीरने, म्हणजे वरच्या साहेबाने, जादा काम सांगितलं की वासू गंभीर तोंडाने म्हणायचा, “बघू,” आणि रविकांत हसू दाबत दुसरीकडे तोंड फिरवायचा.

काही वर्षांनी वासू परत गेला. गावातला साखर कारखाना बंद पडत होता आणि त्याचा भाऊ त्यात होता. हा गेला आणि फाटकापुढे कामगारांबरोबर बसला. बसला तो उठलाच नाही म्हणा ना! आधी गावच्या कौन्सिलात निवडून आला, मग महापौर झाला, मग खासदार. मग मोठ्या पक्षाशी भांडून स्वतःचा पक्ष काढला. पक्षाच्या नावाचा अर्थ ‘आपलं अंगण’ असा काहीसा होत होता. मराठी नाटकाला शोभावं असं नाव. त्याचा मेसेज यायचा, ‘रवी, तुझ्या एका शब्दावर निवडून येतोय. लोक रस्ता मागतात, पेन्शन मागतात. मी त्यांचा हात हातात घेतो आणि म्हणतो, ज़ोबाचिमी. ज्याला हो पाहिजे तो हो ऐकतो. मी पक्का मराठी झालो.’

हा मेसेज रविकांतने मंडळाच्या गणपतीत किती जणांना दाखवला असेल! आमचा वासू, आमच्या घरी जेवायचा, आमच्या सलोनीला खांद्यावर घ्यायचा. लोक चेष्टेने रविकांतला ‘पोलंडचे जावई’ म्हणायचे. म्हणू देत. माणसाला आयुष्यात मिरवायला असतं तरी काय? कुणी फ्लॅट मिरवतो, कुणी गाडी. रविकांतने मित्र मिरवला.

सलोनी बारावी झाली आणि म्हणाली, आर्किटेक्चरला पोलंडला जाते. दुसरा कुठला देश तिच्या मनात कधी आलाच नाही. वासू स्वतः विमानतळावर घ्यायला आला. त्याच्या बायकोने खोली शोधून दिली, पांघरुणं दिली. खोटं कशाला बोला, त्या वेळी त्याने फार केलं.

पुढे ती ताटली आली.

एका सभेचा व्हिडिओ होता. वासूने हातात एक पांढरी ताटली धरली होती, तीच, नाताळला जास्तीची मांडायची. आणि तो म्हणत होता की आमच्या टेबलावरची रिकामी ताटली आपल्या माणसांसाठी आहे. हॉल उभा राहिला. महिन्याभरात तीच ताटली पोस्टरवर, बसवर, भिंतींवर. मग प्रत्येक सभेत ‘ती माणसं’. ती माणसं येतात, ती माणसं घेतात, ती माणसं राहतात.

इकडे कुवेतमध्ये शुवैखला महबूबभाईंचं गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे. मूळचे दापोलीकडचे. रविकांतने कौतुकाने त्यांनाही तो व्हिडिओ दाखवला. महबूबभाईंनी खाली येणारं इंग्रजी भाषांतर शांतपणे वाचलं, चहाचा पेला पुढे सारला आणि विचारलं, “रवीभाय, ही ‘ती माणसं’ म्हणजे कोण ओ? तुम्ही-आम्हीच ना? का तुमचा इकामा वेगळा आहे?”

“राजकारणात बोलावं लागतं, महबूबभाई. त्याच्या मनात नसतं.”

“असंल,” महबूबभाई म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

त्याच हिवाळ्यात सलोनीचा फोन आला. शिक्षण संपवून ती तिथेच नोकरीला लागली होती. ती ट्रामच्या थांब्यावर उभी होती, मागे पोस्टरवर हसरा वासूकाका ताटली धरून. दोन माणसं बटाट्याचे तळलेले काप खात आली. एकाने खाऊन झालेली कागदी ताटली तिच्या पायाशी फेकली आणि म्हणाला, घे तुझी ताटली, आता घरी जा. थांब्यावरचे दोघं-तिघं हसले. बाकीच्यांनी ट्राम येतेय का ते बघितलं. सलोनीला शब्द न् शब्द समजला. त्या माणसाने व्याकरणाची केलेली चूकसुद्धा तिला समजली.

सलोनी लहानपणापासून इंग्रजीतच बोलते. आईबापांनी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा घरचा रिवाज. त्या दिवशीही ती इंग्रजीतच म्हणाली की बाबा, तुमचा फोन तो उचलेल. त्याला फक्त एकदा सांगायला सांगा की तो आपल्या घरी जेवलाय. टीव्हीवर नको, कुठे लिहिलं तरी चालेल. एकदाच.

आणि रविकांत म्हणाला, “बघू गं.”

तो बोलून गेला. रोजच्यासारखा. तेल संपलंय, बघू. गिझर बिघडलाय, बघू. त्याच सुरात.

त्याने फोन केला नाही. स्वतःला सांगितलं, निवडणुकीच्या धांदलीत कशाला, होऊन जाऊ दे. निवडणूक झाली, वासू उपपंतप्रधान झाला, मग स्वतःशीच म्हणाला, आता तर तो मोठा माणूस, कशाला त्रास. खरं कारण वेगळंच होतं, आणि ते त्याला पुरतं ठाऊक होतं. वासूने फोन उचलला नसता तर? मग मिरवायला काय उरलं असतं? आपल्याच लेकीपेक्षा त्याने ते मिरवणं जपलं. चारुशीलाने हे त्याला तोंडावर सांगितलं, एकदाच, आणि तो तिच्यावर ओरडला, कारण ते खरं होतं.

सलोनीने काही दिवस वाट बघितली. मग नोकरी बदलली आणि लिस्बनला निघून गेली. आईशी रोज बोलायची. बाबांसाठी एवढंच, ‘सांग त्यांना, मी बरी आहे.’ तीन वर्षं घरी आली नाही.

वासूचंही तिकडे फार दिवस टिकलं नाही. सरकार पडलं, आणि त्याच्याच पक्षाने त्याला अध्यक्षपदावरून काढलं. का, तर म्हणे तो पुरेसा कडक नाही. ज्यांना त्याने बोलायला शिकवलं ते त्याच्याहून मोठ्याने बोलायला लागले होते. आता तो कुठल्याशा कंपनीचा सल्लागार होता आणि तिच्याच कामाला कुवेतला आला होता.

इकडे रविकांत मेमध्ये रिटायर होणार होता. मंगफचं घर रिकामं करायचं, बायकोला घेऊन नाशिकला जायचं. ज्या घरात सलोनी वाढली ते घर मग कुणा दुसऱ्याचं. एप्रिलमध्ये तिच्या मावसभावाचं पुण्यात लग्न होतं. वाटेत कुवेतला चार दिवस उतर, घर शेवटचं बघून जा, असं आई तिला सांगून थकली होती. तिचं उत्तर एकच, अजून ठरवलं नाही. रविकांतच्या मनाने घेतलं होतं की वासू फोनवर अर्धं मिनिट जरी बोलला, सलोनी, माझं चुकलं, एवढं जरी म्हणाला, तरी पोरगी येईल. हे त्याने अगदी देवासारखं धरून ठेवलं होतं.

शुक्रवारी दुपारी वासू आला. हातात खजुराचा डबा. अर्धे केस गेलेले, कान मात्र तसेच लाल. दारात त्याने रविकांतला अशी मिठी मारली की रविकांत बोलायचं होतं ते सगळं विसरला. “वहिनी,” तो चारुशीलाला म्हणाला आणि त्याने हात जोडले.

“या,” चारुशीला म्हणाली. भावजी म्हणाली नाही.

टेबलावर चार ताटं होती. जेवणारी माणसं तीन. वासूने बसताना ते बघितलं.

“आणखी कोण येतंय?”

“कुणी नाही,” चारुशीलाने त्याच्या ताटात वरणफळं वाढली, वर तूप सोडलं. “तुमच्याकडची पद्धत ना? आपल्या माणसासाठी. ते सलोनीचं ताट आहे.”

वासूचा चमचा हातातच राहिला. रविकांतने आपलं ताट जवळ ओढलं. मनात म्हणाला, बाई गं, जेवून तरी होऊ द्यायचं होतंस. पण नाही, तिचंच बरोबर होतं. जेवून झालं असतं तर त्याने पुन्हा कधी विषय काढलाच नसता.

वासू जेवला. सावकाश, सगळं संपवून. मग इंग्रजीत बोलायला लागला, जसा तो नेहमी मोठं काही सांगायचं असलं की बोलायचा.

“ती ताटली मी घरून नेली होती, रवी. आईची. मला सांगायचं होतं की आपण ही पद्धत विसरतोय, शेजारच्या म्हाताऱ्यालासुद्धा विसरतोय. शप्पथ सांगतो. मग मागून कोणी तरी ओरडलं, ‘आपल्या माणसांसाठी!’ मी म्हटलं, हो, आपल्या माणसांसाठी. आणि अख्खा हॉल उभा राहिला. इतकी वर्षं मी रस्त्यांवर, कारखान्यावर, पेन्शनवर बोललो. एकदाही कोणी उभं राहिलं नव्हतं.”

“मग?”

“मग रोज उभं करावं लागलं.”

 वासूने चौथ्या ताटाच्या कडेवरून बोट फिरवलं.

“आता नाताळला मी आणि बायको दोघंच असतो. मुलगा येत नाही, त्याला माझी लाज वाटते. मी तरीही ताटली मांडतो. तू आला नव्हतास ना, ती संध्याकाळ आठवते. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, निदान बोलावलं तरी होतं कुणाला तरी.”

रविकांतचं काळीज हललं. हा तोच वासू होता, टाकीच्या पोटातला. मनात नसतं त्याच्या, हे आपण म्हणत होतो ते काही खोटं नव्हतं. पण मनात नसून बोलला, हे जास्त वाईट की कमी, हा हिशेब त्याला आता सुटेना. त्याने खिशातून फोन काढला आणि टेबलावर ठेवला.

“वासू, तिला हेच सांग. अर्धं मिनिट बोल. ट्रामच्या थांब्यावर काय झालं ते मी तुला सांगितलं नाही कधी. सांगायला हवं होतं.” आणि त्याने सांगितलं. कागदी ताटलीचं, हसणाऱ्या माणसांचं, मागच्या पोस्टरचं. सांगताना त्याचा आवाज फाटला, त्याने फाटू दिला. “तिला म्हण, माझं चुकलं. एवढंच म्हण. ती या घरात यायला हवी रे, एकदा तरी. मे महिन्यात घर जाईल.”

वासूने डोळे पुसले. खरंच पुसले, नाटक नव्हतं. त्याने फोन उचलला, कॅमेरा स्वतःकडे वळवला. पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसला तसा त्याचा डावा हात आपोआप वर गेला आणि त्याने शर्टची कॉलर सारखी केली. चारुशीला त्या हाताकडे बघत होती.

“सलोनी,” तो म्हणाला. थांबला. फोन खाली घेतला. “हे कुणाकुणाकडे जाईल?”

“कुणाकडे म्हणजे? तिच्याकडे.”

“तसं कधी होत नाही, रवी. एकाकडे गेलं की सगळीकडे जातं.” तो खुर्चीत सरळ बसला. “पुढच्या वर्षी निवडणूक आहे. नव्या लोकांचं जमत नाहीये. जुने पुन्हा मला विचारतायत. अजून काही पक्कं नाही, पण विचारतायत. आत्ता असं काही बाहेर आलं तर…”

“तू परत उभा राहणार?”

“मला दुसरं काय येतं आता? वेल्डिंग तपासायची नजरही गेली.”

“बरं, व्हिडिओ नको,” रविकांत म्हणाला. तो आता जणू पदर पसरत होता. “फोन कर तिला. मी आत्ता लावून देतो. त्यात काही उरत नाही. फोनवर बोल.”

वासूने त्याच्याकडे बघितलं. मग टेबलावरून हात पुढे करून रविकांतचा हात दोन्ही हातांत घेतला, हळूच दाबला, आणि अगदी स्वच्छ मराठीत, प्रेमाने म्हणाला, “बघू.”

चारुशीला उठली. वरणफळांचं पातेलं उचलून आत गेली.

लिफ्टपाशी दोघं बराच वेळ उभे होते. दोनदा लिफ्ट येऊन गेली.

“रवी, तुला कळतंय ना?”

“कळतंय,” रविकांत म्हणाला. “मीच शिकवलंय.”

वासूने मान खाली घातली. या वेळी त्याला हसू आलं नाही. लिफ्टचं दार लागलं आणि रविकांतला कळलं की आपल्याला या माणसाचा रागही येत नाहीये. येता तर बरं झालं असतं. आपल्याकडेही एक मुलगी हात पसरून उभी होती, आणि आपणही तिचा हात दाबून हेच म्हणालो होतो. आपल्यापुढे तर कुठली निवडणूकही नव्हती.

घरात आल्यावर तो बसला नाही. उभ्याउभ्याच त्याने सलोनीला फोन लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा, आईच्या फोनवरून नाही, स्वतःच्या. वाजत राहिला. उचलणार नाही असं वाटेपर्यंत वाजला, आणि तिने उचलला.

“बाबा? आई ठीक आहे ना?” इंग्रजीत.

“ठीक आहे. सगळं ठीक आहे. वासू आला होता जेवायला.”

पलीकडून ती काही विचारायच्या आत तो पुढे म्हणाला,

“मी विचारलं त्याला. तुझ्यासाठी बोल म्हटलं. तो नाही म्हणाला.”

“त्याने नाही म्हटलं? तोंडावर?”

“बघू म्हणाला.”

सलोनी हसली. छोटंसं, नाकातून, चारुशीलासारखं. मग म्हणाली की मला त्याचं काही नको होतं बाबा, कधीच. मला तुम्ही विचारायला हवं होतं.

“हो,” रविकांत म्हणाला. “मी त्याच दिवशी फोन करायला हवा होता. तू रडत होतीस आणि मी तुला बघू म्हणालो. मला लाज वाटते बेटा. फार वाटते.” एवढं सरळ वाक्य आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून निघालं होतं आणि पुढचं निघायला जागा झाली. “मेमध्ये हे घर सोडतोय. तुझ्या कपाटावरचे आकडे अजून आहेत. एप्रिलमध्ये येशील का? चार दिवस नको, एक दिवस ये. येशील?”

तिच्या मागे कुठे तरी रस्त्यावरचा आवाज येत होता. रविकांत फोन कानाला घट्ट धरून उभा. चारुशीला परात घासता घासता स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती, हाताला कणीक.

मग सलोनी बोलली आणि तिने फोन ठेवला.

“काय म्हणाली?” चारुशीलाने विचारलं.

रविकांतने फोन टेबलावर ठेवला, त्या चौथ्या, कोरड्या ताटाशेजारी.

“बघू म्हणाली.”

“मराठीत?”

“मराठीत.”

चारुशीला जवळची खुर्ची ओढून बसली आणि कणकेचे हात तसेच मांडीवर ठेवून रडायला लागली.